एक नंबरवरचे साहेब

ड्रायव्हर उंचीने एवढासा, म्हणून सगळे त्याला गिट्टू म्हणायचे. पन्नाशीचा गडी, गाडीवर हात चांगला. पण दिवसाचं पहिलं काम मात्र रिकाम्या सीटशेजारी अदबीने उभं राहायचं. सांगून पटणार नाही, पण त्याच कामाचा त्याला जास्त अभिमान होता.

गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दारावर तीन बटणं होती: एक, दोन आणि सेट. सीट हवी तशी सरकवायची, सेट दाबायचं, लगेच आकडा दाबायचा, की गाडी ती बैठक ध्यानात ठेवते. पुढे नुसता आकडा दाबला तरी सीट, पाठ, आरसे आपापल्या जागी. दोन नंबर गिट्टूचा. एक नंबर साहेबांचा, आणि साहेब जाऊन दोन वर्षं झाली होती.

रोज सकाळी साहेबांच्या बायको, म्हणजे बाई, मागे बसल्या की गिट्टूने बाहेरूनच एक दाबायचा. सीट घूं घूं करत मागे यायची. बाई तिला घरचं सगळं सांगायच्या: नळ गळतोय, धाकटीचा फोन नाही. मग गिट्टूला म्हणायच्या, "बरं, बसा आता तुम्ही." तेव्हा कुठे दोन. लोक हसायचे. हसेनात का, त्यांचं काय जातंय!

एकदा गिट्टूची कंबर धरली. त्याने पाठीला जाडजूड उशी लावली, सीट जराशी मागे घेतली आणि दोन नंबर नव्याने ठरवायला सेट दाबलं. सवय नडली. बोट आपसूक एकावर गेलं. गाडीने टिंग केलं आणि साहेब पुसले गेले.

नोकरीचं एक राहू द्या, बाईंना तोंड कसं दाखवायचं? तो तडक साहेबांच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने साहेबांच्या मापांची जुनी वही काढली आणि दोघं तासभर टेप घेऊन सीटशी झटत बसले. पोटाचं माप लावताना शिंपी चक्क सीटला म्हणाला, "श्वास सोडा, साहेब."

दुसऱ्या दिवशी गिट्टूने एक दाबला. सीट मागे आली. बाईंनी पुढे वाकून ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"हे कोण बसलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

गिट्टूने घडलं ते सगळं सांगून टाकलं, शिंप्यासकट.

"अहो, शिंप्यापुढे सगळेच ताठ उभे राहतात. हे गाडीत लोळायचे. ह्यांचं चालवणं पुढून बघवत नसे म्हणून मी कायम मागे, आणि ह्यांची सीट माझ्या गुडघ्यांवर." बाईंनी गुडघे पुढे केले. "घ्या मागे. अजून. अजून घ्या."

"बाई, लागेल तुम्हाला."

"लागू दे."

सीट गुडघ्यांवर येऊन दाबली गेली. बाई कळवळल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"हं. हेच. सेट करा."

गिट्टूने सेट दाबलं, आणि या खेपेला आकड्याकडे नीट बघून बोट एकावर ठेवलं.

बाई पुढे वाकल्या. "इतका वेळ कुठे होता?" त्या सीटला म्हणाल्या. "नळ अजून गळतोय."