तासाला त्रेचाळीस माणसं

चार जुने कॉम्प्युटरवाले एकत्र बसले की किस्से निघतातच. कुणाची फ्लॉपी उंदराने कुरतडलेली असते, कुणाच्या साहेबाने पूजेच्या दिवशी मॉनिटरमध्ये गंगाजल शिंपडलेलं असतं. माझ्याकडे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतल्या पाच वर्षांचा साठा आहे. नव्वदच्या दशकातला. लोक ऐकतात, हसतात. मीही हसते, शेवटचा किस्सा येईपर्यंत.

आमच्या खात्यात दोघंच. मी विठ्ठलवाडीची, आणि गायकवाड बदलापूरचा. त्याचे वडील त्याच कंपनीच्या ॲसिड प्लँटमध्ये होते. मी त्यांना काका म्हणायची.

*

कंपनीत नवं नेटवर्क आलं तेव्हा मॅनेजर साहेबांनी पेढे वाटले. "सेकंदाला दहा मेगाबिट!" बिट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलं, एका अक्षराला आठ बिट लागतात, म्हणून आकडा आठने भागायचा. साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे सव्वाच? बाकीचं कुठं गेलं?"

तेव्हापासून कुणी वेगाची फुशारकी मारली की आम्ही ओरडायचो, "आठने भागा!" कँटीनवाला म्हणाला, पाच मिनिटांत चहा, तर गायकवाड म्हणायचा, "आठने गुणा!" चहा खरंच चाळीस मिनिटांनी यायचा.

*

दवाखान्याच्या खोलीत एक जुनं मशीन होतं, गोदरेजच्या कपाटाएवढं. सगळ्या कामगारांच्या दरवर्षीच्या तपासण्या, फुप्फुसं, रक्त, सगळं त्याच्या डिस्कवर. कागद वाळवीने संपवले होते आणि प्रिंटर कधीच मेला होता. माहिती बाहेर काढायला एकच बारीक वायर, तिच्यातून सेकंदाला जेमतेम साडेनऊशे अक्षरं यायची.

साहेबांना हे पटेना. एवढं महाग नेटवर्क असताना हळू कसं? गायकवाड म्हणाला, "साहेब, पाइप बारवी धरणाचा आहे, पण नळ आमच्या चाळीचा!"

"मग नळ मोठा करा ना!" साहेब म्हणाले, आणि आम्हाला उल्हासनगरला पिटाळलं.

*

उल्हासनगरच्या दुकानात सिंधी शेठ बसले होते. कुठल्याही मशीनची वायर बनवून द्यायचे. आम्ही जाडजूड, फास्ट वायर मागितली. शेठनी मशीनचं नाव विचारलं आणि आमची शंभराची नोट परत सरकवली.

"मत लो, बेटी. मशीन खुद धीरे बोलता है. बुढ्ढे के हाथ में माइक देने से वो जल्दी बोलेगा क्या?"

साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "दुसऱ्या दुकानात जायचं होतं!"

*

त्या वर्षी काकांचा खोकला वाढला. जिना चढताना मध्येच बसायचे. सरकारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आजार कामामुळेच झाला हे लिहून देतो, कंपनीकडून भरपाई मिळेल, पण जुन्या तपासण्या आणा." प्लँटमधले कितीतरी जण हेच ऐकून आले होते.

आम्ही साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बघू. घाई काय आहे?"

मग महिन्याभरात कंपनी बंद व्हायची नोटीस लागली!

*

आता हा किस्सा माझ्या अकलेचा. साहेबांनी विचारलं, "दवाखान्याचा डेटा काढायला किती वेळ? लेखी द्या." चाळीस मेगाबाइट होते, म्हणजे चार कोटी अक्षरं. नेटवर्कचा आकडा घेतला, आठने भागला, उत्तर आलं अर्धा मिनिट. मी ऐटीत लिहिलं, 'सगळं धरून एक तास,' आणि सही ठोकली.

भागाकार अगदी बरोबर होता. फक्त वेग मी नव्या नेटवर्कचा धरला होता, त्या बारीक वायरचा नाही. खरे बारा तास लागणार होते. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी वीज नसायची, कारखान्यांना सुट्टी असायची, म्हणून मशीन आदल्या दिवशी, गुरुवारी पाचलाच भंगारात जाणार होतं. साहेबांनी दवाखान्याची किल्ली दिली ती त्याच गुरुवारी चारला.

मी अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, "एक तास तुम्हीच लिहिलाय. सही कुणाची आहे?"

आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

*

चार वाजता गायकवाडने हिशेब केला. एका माणसाच्या सगळ्या तपासण्या यायला सव्वा मिनिटाच्या वर. म्हणजे तासात त्रेचाळीस माणसं. कामगार पाचशे.

काका त्या दिवशी हेल्मेट आणि बूट जमा करायला आले होते. गायकवाड म्हणाला, "बाबा, तुमचा नंबर आधी टाकतो."

"थांब," काका म्हणाले. स्टुलावर बसले आणि एकेक टोकन नंबर सांगायला लागले. कुणाचा, ते आम्हाला माहीत होतं. कालपरवा लग्न झालेला वेल्डर. थुंकीतून रक्त पडणारा जोशी. काका नंबर सांगायचे, खोकायचे, पुढचा सांगायचे. गायकवाड मान खाली घालून टाइप करत होता.

बेचाळीस झाले. भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला होता आणि माणसं दोर घेऊन आत आली होती. दीड मिनिट राहिलं होतं.

मी म्हटलं, "काका, आता तुमचा."

"पवारचा राहिलाय. दोनशे एकोणीस."

गायकवाड ओरडलाच, "बाबा, पवार गेल्या वर्षी वारला!"

"माहितीये. खांदा दिलाय मी."

"मग तुमचं काय?"

"मी डॉक्टरसमोर खोकून तरी दाखवीन," काका म्हणाले. "पवारच्या बायकोनं काय दाखवायचं?"

गायकवाडने दोनशे एकोणीस टाइप केलं.