गाठीखालचा फुटवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही, आणि ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. लपवून लपवून दमले, एवढंच असेल.

गोष्ट एका वेली गुलाबाची आहे. गुलाबाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे.

आमचं घर रत्नागिरीत. दोन खोल्या, पडवी, पुढे कुंपणाला चिऱ्याचा गडगा. माझा धाकटा दीर वसंता मुंबईला कापडगिरणीत साच्यावर विणकर होता. संप फिसकटला, गिरणी काही उघडली नाही, आणि तो वळकटी घेऊन आमच्याकडे आला. एकटा जीव, लग्न झालेलं नव्हतं. चार दिवसांचे चार महिने झाले. दोन मुलं, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि त्यात हा. वाईट नव्हता हो. विहिरीचं पाणी तोच ओढायचा, सासऱ्यांची दाढी तोच करायचा. पण मला तो घरात नको होता. बास. एवढं वाक्य उच्चारायला मला चाळीस वर्षं लागली.

त्यानं कोल्हापूरहून लाल वेली गुलाबाचं कलम आणलं. फाटकावर बांबूची कमान उभारली. कमान एकदा फुलली की तिच्यावरून कलमं बांधायची, विकायची आणि इथेच राहायचं, असा त्याचा बेत. फांदी उभी न सोडता आडवी वळवायची म्हणजे डोळ्याडोळ्याला कळी धरते, हे त्यानं कुठूनसं शिकून घेतलं होतं. जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून तो फांद्या बांधायचा. काय गाठी मारायचा! विणकराचा हात — फांदीला काच नाही आणि वाऱ्यानं सुटणार नाही.

आता माझं. माझे वडील दापोलीला रोपवाटिकेत माळी होते. खुंटावर कलम जिथे जोडतात त्या गाठीखालून फुटवा आला की तो जंगली खुंटाचा, दिसताक्षणी मुळाशी खुडायचा, नाहीतर तो वरचं कलम खाऊन टाकतो — हे मला परकर नेसायच्या वयापासून माहीत.

पहिल्या पावसात कलम वरून वाळत आलं आणि गाठीखालून एक फिकट हिरवा, जोरकस फुटवा निघाला. वसंता हरखला. तोच त्यानं कमानीवर चढवायला घेतला. मी केर टाकायला गेले तेव्हा वाकून पाहिलं. गाठीच्या वर बोटाच्या पेरभर तांबूस कोंब होता. म्हणजे कलम जिवंत होतं.

त्याच संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "वयनी, तुमास्नी कळतं ह्यातलं. बराबर वाढतोय ना ह्यो?"

मी म्हटलं, "वाढतोय की भावजी. छान वाढतोय."

बोलताना जीभ अडखळली नाही — हे मला अजून आठवतं. एक बोट दाखवायचं होतं फक्त. का नाही दाखवलं? तो हरला तर जाईल, म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दोन वर्षं त्यानं ते रान पोसलं. शेण घातलं, फांद्या वळवल्या, गाठी मारल्या. कमान गच्च भरली आणि एकही फूल आलं नाही. दुसऱ्या थंडीच्या शेवटी त्यानं एकेक गाठ स्वतःच्या हातानं सोडवली. ह्यांना म्हणाला, "आपल्याच्यानं नाय होत, दादा. मशीन सोडून आपल्याला काय येत नाय." त्या आठवड्यात तो एसटीनं मुंबईला गेला. कुठल्याशा इमारतीवर वॉचमन झाला.

तो गेल्यावर मी ते जंगली खोड मुळाशी कापलं. जागा मोकळी करायची होती. पण तो तांबूस कोंब — कसा कोण जाणे — तग धरून होता. पाऊस सरला तसा तो वाढला. थंडीत फुलला. लाल, मुठीएवढी फुलं. हे म्हणाले, "वसंताला कळव गं, खूश होईल." मी हो म्हटलं आणि कळवलं नाही.

तो एरवी गणपतीला यायचा, तेव्हा झाडावर फूल नसायचं. पण एका साली कार्ड आलं, शिमग्याला येतोय. झाड तर भरात होतं.

तो यायच्या आदल्या सकाळी मी कुदळ घेतली. पकडली जाईन म्हणून, की फुलं बघून तो पुन्हा राहायला येईल म्हणून? दोन्ही. मुळं खोल गेली होती, तासभर लागला. फुलांसकट सगळं परसात नेऊन जाळलं. ह्यांना सांगितलं, वाळवी लागली होती.

वसंता फाटकातून आत आला, पिशवी खाली ठेवली आणि उकरलेल्या मातीकडे बघत उभा राहिला.

"मेला वाटतं शेवटी," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "जाऊ दे वयनी. तुमी तरी किती जपणार."