नळीतला धूर

नव्वदच्या दशकात नगरच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्राचा नवा अध्यापक होतो. शेजारच्या भौतिकशास्त्र विभागातल्या एक बाई पीएच.डी.साठी विलक्षण प्रयोग करीत होत्या. एका नळीच्या दोन टोकांना समोरासमोर दोन आरसे होते. लेसरचा क्षणिक झोत आत सोडला की तो आरशांमध्ये हजारो फेऱ्या मारी आणि प्रत्येक फेरीत किंचित बाहेर झिरपे. हा मावळता प्रकाश ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उतरत्या शेपटीसारखा दिसे. नळीत प्रकाश शोषणारा वायू असला की शेपटी आखडे. किती आखडली, यावरून वायूचे प्रमाण कळे. हातभर नळीत प्रकाशाला कोसन् कोस चालवण्याची ती युक्ती मला आजही थक्क करते.

आरसे पुण्याच्या मार्गदर्शकांकडून उसने आणलेले. दसऱ्यानंतर ते परत जायचे होते, आणि शेवटचे मोजमाप अजून बाकी होते. ते हुकले असते तर बाईंचा प्रबंध अडला असता.

खंडेनवमीला विभागातली सगळी उपकरणे पुजण्याची रीत होती. सुप्याहून एस.टी.ने येणाऱ्या शिपाईमामांनी हळदकुंकू वाहिले आणि नळीचे एक टोक उघडे असताना उदबत्ती ओवाळली. थोड्या वेळाने बाईंनी टोक बंद करून लेसर चालवला, तो शेपटी पार आखूड!

मामा घाबरले. "म्याडम, आमी तर पूजाच केली. न्हाई ओवाळलं तर यंत्र वर्षभर रुसतंय."

"रुसलं नाही मामा, ठसका लागलाय त्याला," बाई हसून म्हणाल्या.

माझे मन मात्र दोष कोणाच्या माथी मारावा, याचा हिशेब करीत होते. मी म्हणालो, "आरसे पुसून घेऊ या?"

"नको, ओरखडा उठला तर संपलंच. आधी धूरच आहे का ते पाहू."

त्यांनी लेसरचा रंग थोडा थोडा बदलला. शेपटी प्रत्येक रंगाला सारखीच आखूड राहिली. "धूर सगळ्याच रंगांची वाट अडवतो," त्या म्हणाल्या, "वायू मात्र आपल्या ठरल्या रंगांनाच गिळतो."

मग नळीतून कोरडा नायट्रोजन हळूहळू सोडला. आम्ही तिघे पडद्याकडे पाहत बसलो. शेपटी लांबत लांबत पूर्वपदावर आली. आता शेवटचे मोजमाप. मी तांबे आणि नायट्रिक आम्लापासून केलेला तपकिरी वायू बाईंनी इतका विरळ करून आत सोडला की डोळ्यांना काहीच दिसेना. शेपटी आखडली. रंग जरा सरकवला, ती लांबली. पुन्हा सरकवला, ती आखडली. बाईंनी आलेखावर एकेक बिंदू मांडला आणि त्या बिंदूंमधून त्या वायूच्या चढउतारांची वक्ररेषा उमटली.

"व्हय म्याडम, जमलं का?" मामांनी मागून विचारले.

"जमलं. चला, आता प्रसाद द्या."

दसऱ्यानंतर आरसे कापसात गुंडाळून पुण्याला गेले. आलेख मागे राहिला होता, आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहायला बाई मोकळ्या झाल्या होत्या.