चालू गाडीला किक

मला मोटारसायकल नकोच होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मीच हट्ट करून गाडी निवडली असं आमच्याकडे आजही सगळे सांगतात आणि हसतात. हसू दे.

नव्वद सालाच्या मागंपुढंची गोष्ट. आम्ही दिघाशीला राहायचो आणि माझा नवरा, म्हणजे आमचे हे, भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागं एका कारखान्यात जॉबर होते. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की दुरुस्त करायचा, ते जॉबरचं काम. मिसरूड फुटल्यापासून हे त्याच खटखटाटात. येणं-जाणं वज्रेश्वरीच्या एसटीनं. ती आली तर आली. नाही आली की दुधाच्या टेंपोत, नाहीतर विटांच्या ट्रकवर. शिफ्ट सुटून कितीतरी वेळ झाला तरी माणसाचा पत्ता नाही आणि मी आपली दारात आत-बाहेर, आत-बाहेर. सासूबाई कावायच्या, "बस की गं एका जागी, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

शेवटी ह्यांनी ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. आता मला दुसराच घोर लागला. भिवंडी-वाडा रस्त्यावर रेतीचे ट्रक असे सुटायचे, जसं काय त्यांच्या बापाचाच रस्ता. आमच्या आळीतला एक जण सायकलवर जाताना तिथंच गेला होता. आणि हे म्हणजे घरात तीन हाका माराव्यात तेव्हा मान वळवणारे. मी समजायचे, माज आलाय. "मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?" म्हणून मी भांडायचे, तर हे जेवत राहायचे. असा आपल्याच तंद्रीतला माणूस रोज त्या ट्रकांच्या मधून जाणार!

बुधवारी मला गाड्या दाखवायला घेऊन गेले. गॅरेज चाचांचं. चाचा मूळचे कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले, मराठी आमच्याहून साफ. त्यांची शेड दोन कारखान्यांच्या मधोमध चेपून बसलेली, दोन्ही बाजूंनी लूम धडधडतायत. आत दोन गाड्या उभ्या होत्या. एक काळी, चार स्ट्रोकची, अंगापिंडानं सडसडीत. दुसरी लाल, दोन स्ट्रोकची, टाकीवर पोचा आलेली. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच.

त्या गल्लीत बोलणं म्हणजे ओठ हलवायचे आणि बोटं नाचवायची. लूमवाल्यांची ती भाषाच असते. मी घसा फोडून विचारत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. हे आणि चाचा मात्र एकमेकांच्या ओठांवर नजर लावून आरामात बोलत होते, मध्येच हसत होते, भाव पाडत होते. मला नवल वाटलं. बाई बाई, घरी मुके असलेले हे इथं केवढे बोलके! मग ह्यांनी दोन्ही गाड्या चालू करायला लावल्या आणि डोळे मिटून टाकीवर तळवा ठेवला. लूमच्या फ्रेमवर ठेवतात तसा. काळी जागची हलत नव्हती, लाल मात्र उभ्या जागी थडथडत होती.

परतीच्या एसटीत हे म्हणाले, "काळी घेऊ. पोट शांत हाय तिचं. पेट्रोल बी कमी पिते. शुक्रवारी सुट्टी हाय, तवा जाऊन घेऊन येऊ."

गुरुवार मला खायला उठला. तांदूळ एकदा निवडले, मग परत निवडले. सासूबाईंशी उगाच खटका उडाला. देवीला हात जोडून म्हटलं, आई, एवढ्या शहाण्या माणसाला रस्त्यावर तरी जागं ठेव. रात्री हे घोरत पडले आणि मी आढ्याकडे बघत बसले.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. रोजच्या गल्लीत उभं राहिलेल्या माणसाला ती शांतता चमत्कारिकच वाटते. कुठं नळ गळतोय ते ऐकू येतं, वरच्या मजल्यावर कुणी कांदा चिरतंय ते ऐकू येतं. आमच्याबरोबर धाकटे दीर आले होते. चाचा नमाज आटोपून पांढऱ्या कुर्त्यातच गॅरेज उघडायला आले. मी नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं पिशवीत घालून नेलं होतं. काळीच्या हँडलला हार घातला, टाकीवर कुंकू लावलं. हे नारळ घेऊन गटाराच्या कडेच्या दगडापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून तो फोडायला लागले.

तेवढ्यात भावजींनी हौसेनं गाडीला किक मारली. एका किकला चालू. आवाज तो काय, शिलाई मशीनचा असतो तेवढाच. मी मनात म्हटलं, गुणाची आहे.

हे आले. नारळाचं पाणी चाकावर शिंपडलं, हात धोतराला, छे, तेव्हा पँटच होती ती, पँटला पुसले. गाडीच्या बाजूला उभं राहून किकचा दांडा पायानं बाहेर काढला आणि मारली किक. गाडी कर्र करून कण्हली. परत मारली. परत कर्र.

"आरं दादा!" भावजी हसत सुटले. "चालू हाय न ती! चालू गाडीला किक मारतोस?"

ह्यांनी गाडीकडे बघितलं नाही. भावाच्या ओठांकडे बघितलं. लूम धडधडत असताना बघायचं तसं. आणि गल्लीत तर एकही लूम चालू नव्हता.

माज नव्हता गं बाई. ऐकूच येत नव्हतं ह्यांना. किती वर्षं असं चाललं होतं देव जाणे, आणि मी मेली भांडत होते.

"गंमत केली रे," हे म्हणाले आणि हसले. ते हसणं मला बघवेना. चाचांनी मान खाली घातली आणि स्वच्छ हात फडक्याला पुसायला लागले. लूमवर आयुष्य घातलेली किती माणसं त्यांनी बघितली असतील. भावजींचं मात्र थांबेना. "लूमवर राहून राहून बहिरा झालास का काय रे?" थट्टाच होती ती. पण समोर चहाच्या टपरीवर कारखान्यातलेच दोघं-तिघं बसले होते, त्यांनी माना वळवल्या. बहिरा जॉबर म्हणून एकदा बोभाटा झाला असता तर शेठनं ह्यांना हाताला धरून बाहेर बसवलं असतं. हातानं लूमचं दुखणं ओळखणारा माणूस, पण ते कोण ऐकून घेतो?

ओरडावं असं वाटलं, नको गाडी, चला एसटीनं. पण का नको, ते सांगावं लागलं असतं.

"मला ही नको," मी मोठ्यानं म्हणाले. "मला ती लाल पाहिजे."

"वैनी, नारळ फुटला की हिच्यासमोर!"

"फुटला तर फुटला. खोबरं खा."

"अवो, ती पेट्रोल ढोसते!"

"तुमच्या घरचं ढोसते काय, भावजी? लाल म्हणजे लाल. नाहीतर मी गाडीवर बसायची न्हाय."

टपरीवरचे खो-खो हसले. बायकांना रंगच दिसतो, कुणीतरी म्हणालं. म्हण बाबा, म्हण. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली होती, ह्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. काळीचा हार काढून मी लालला घातला. लाज, शरम, शुभ-अशुभ, सगळं गुंडाळून ठेवलं. चाचांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "बेटी बरोबर बोलते. लालच न्या," म्हणाले आणि स्वतः किक मारली.

लाल अशी भडकली की गल्लीतलं कुत्रं उठून पळालं. ह्यांनी हँडल धरलं. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढताना मला दिसली, आणि हे हसले. या वेळी खरं.

भावजींना एसटीनं यायला सांगून आम्ही निघालो. मी एका बाजूला पाय सोडून बसले, हात ह्यांच्या खांद्यावर. गाव संपलं आणि मोकळा रस्ता लागला तसा मागून ट्रक आला. हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, आणि हे रस्त्याच्या मधोमध. मी कानाशी ओरडले, "ट्रक!" काही नाही. मग मी सगळा जीव एकवटून त्यांचा डावा खांदा दाबला. गाडी डावीकडे सरकली आणि ट्रक अंगावर धूळ उडवत निघून गेला.

थोडं पुढं जाऊन ह्यांनी एका हातानं आरसा फिरवला. फिरवत फिरवत त्यात माझं तोंड येईपर्यंत.

"कवा कळलं तुला?"

"मघाशी," मी ओठ नीट हलवत म्हणाले. "नारळ फोडलात तेव्हा."

"कुनाला सांगू नको."

"रस्त्याकडं बघा."

मी त्यांच्या खांद्यावरून हात लांब केला आणि आरसा परत रस्त्याकडे वळवला. आता मी काय बोलते ते त्यांना कळायची सोय उरली नव्हती. मग मी सगळं बोलले. लूमला शिव्या घातल्या, शेठला घातल्या, ह्यांनाही सोडलं नाही. एवढं मोठं दुखणं बायकोपासून लपवता, मी काय परकी आहे? मला भीती वाटते, मी म्हणाले. तुम्हाला काही झालं तर मी काय करू? ह्यांच्या पाठीला कपाळ टेकून ढसाढसा रडले.

"बोलतेस ना?" हे पुढं बघतच म्हणाले. "पाठीला लागतंय. काय म्हनतेस?"

मी डावा खांदा दाबला. मागं कुणीच नव्हतं. तरी ह्यांनी गाडी कडेला घेतली.