मरियामायचं कुंकू

नातालबाई बारदेसकर मूळची आजऱ्याची. जन्म ऐन नाताळातला, म्हणून बापानं दुसरं नाव शोधायचे कष्टच घेतले नाहीत. लग्न करून ती कोल्हापुरात आली. नवरा अंतोन गिरणीत फिटर होता. गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच. नातालबाई लुगडं नेसायची, जोंधळ्याच्या भाकरी थापायची, बोलणंही पार इथलंच झालं होतं. शेजारणींत ती वेगळी दिसायची ती फक्त मोकळ्या कपाळामुळं.

त्या कपाळापायी तिला बरंच सोसावं लागलं. नवरा धडधाकट असताना अनोळखी माणसं तिला विधवा समजत. लग्नघरात पुढं बसली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, जरा मागं सरा." पेठ वडगावच्या बाजारात एकदा कासारानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काढलेल्या हिरव्या बांगड्या परत पेटीत ठेवल्या.

अंतोन म्हणायचा, "लाव की एक ठिपका. देव काय रागवतोय व्हय?"

"माझ्या आयनं लावला न्हाई, मीबी लावायची न्हाई," एवढंच ती म्हणायची.

चर्चमधल्या वेदीवरची वस्त्रं धुऊन, खळ घालून ठेवायचं काम तिच्याकडं होतं. आठ सप्टेंबरला येशूच्या आईचा, मरियामायचा जन्मदिवस. त्या दिवशी प्लॅस्टरच्या गोऱ्यापान मरियेला फुलांचा मुकुट घालायचा मानही तिचाच.

चौऱ्याहत्तर साली फादर रेबेलो आले. तरुण, हौशी माणूस. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिन सोडून मराठीत सुरू होऊन काही वर्षं झाली होती. फादरनी मेणबत्त्यांच्या जागी समई आणली, लोकांना चपला दाराबाहेर काढायला लावल्या. तिथवर कुणी फारसं कुरकुरलं नाही. मग त्यांनी गंगावेशीतल्या गणपतराव मूर्तिकाराकडून नवी मरिया करून घेतली. नऊवारी नेसलेली, कडेवर बाळ येशू, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

रविवारी मिस्सा संपल्यावर मूर्तीवरचं कापड काढलं आणि चर्चमध्ये दोन तट पडले. तरुण पोरं म्हणाली, मरिया काय विलायतेची होती? निळ्या डोळ्यांच्या बाईपुढं आपण का गुडघे टेकायचे? म्हातारी मंडळी म्हणाली, आज हे, उद्या अंबाबाईच आणून बसवाल. आवाज चढत गेले. कधी चार लोकांत न बोलणारी नातालबाई तेवढ्यात उठून उभी राहिली.

"फादर, या मोकळ्या कपाळापायी मी जन्मभर बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "मरियामायची लेक म्हणून खाल्ली. आता तिलाच कुंकू लावलासा, तर मी सोसलं ते कशापायी?"

फादरनी कापड परत मूर्तीवर टाकलं.

दोन दिवसांनी त्यांनी तिला बोलावणं धाडलं. मूर्ती वेदीमागच्या खोलीत टेबलावर होती. फादर म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं मला पटलं. मी गणपतरावांकडं गेलो होतो. ते म्हणाले, वाटलं तर नवी मूर्ती करून देतो, पण लावलेलं कुंकू मी पुसत नसतो."

"द्या हिकडं. मी पुसते," नातालबाई म्हणाली.

फादरनी टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला बोळा तिच्या हातात दिला. ती मूर्तीसमोर गेली. पहिल्यांदाच तिनं ती जवळून बघितली. बाळानं आईचा पदर मुठीत घट्ट धरला होता. मानेपाशी केसांची एक बट सुटली होती. नातालबाईनं हात वर नेला, आणि तिला शेजारची धोंडुबाई आठवली. धोंडुबाईचा नवरा गेला त्या दिवशी बायकांनी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं होतं. तेव्हा तिला पाठीमागनं धरून बसली होती ती नातालबाईच. पुसताना धोंडुबाईच्या अंगाला सुटलेला कंप तिच्या हातांना कळला होता.

तिनं बोळा खाली ठेवला.

"माझ्या हातनं व्हायचं न्हाई, फादर. पोर हाय तिच्या कडंवर."

"म्हणजे आता कुंकू चालेल तुम्हाला?"

"चालायचं न्हाई," ती म्हणाली. "पण पुसायचंबी न्हाई."

फादरनी बोळा बाजूला सारला. मग त्यांनी तिलाच विचारलं, "मग हिला ठेवायचं कुठं?"

"दारापाशी ठिवा. ज्येला पायजे त्यो हात जोडंल."

तसंच झालं. वेदीवर जुनी मरिया राहिली, दाराजवळच्या कोनाड्यात नवी आली. दोन्ही तटांना ते अर्धवट वाटलं आणि वर्षभर धुसफूस चालली. पुढं फादरची बदली झाली आणि वाद आपोआप निवला. आठ सप्टेंबरला नातालबाई जुनीला मुकुट घालायची आणि उरलेल्या शेवंतीची वेणी नवीच्या खांद्याशी ठेवायची. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, आणि स्वतः कुंकूही कधी लावलं नाही.

उतारवयात तिचे गुडघे धरले. वेदीपर्यंत चालवेना, तशी ती दाराजवळच्या बाकावर बसून तेर्साच्या जपमाळेचे मणी ओढायला लागली. त्या वेळी नव्या मूर्तीसाठी भांडलेली पोरं आता पोक्त माणसं झाली होती. त्यातला एकजण हसत म्हणाला, "काय नातालबाई, शेवटी आमच्या मरियेपाशीच आलासा की."

"हितं वारं चांगलं येतंय," नातालबाई म्हणाली आणि पुढचा मणी ओढला.