अम्मींची खुर्ची आणि दत्ताचं एचडीआर

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत बसायला लागली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दाराशी चपला साठाव्यात तसे साठतात, आणि निघताना कुठला कुणाचा हेही कळत नाही. आमची खोली म्हणजे छावणीतला दत्ता देशमुखचा हॉल. दत्ता कंपनीत सुपरवायझर, गावाकडं शेती, इथं एकटा जीव, आणि तो जीवही प्रोजेक्टरमध्ये अडकलेला. शेजारी सलीमभाई, गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या अम्मी, वयानं आणि तोंडानं सगळ्यात मोठ्या. आणि मी सुनंदा, क्रांती चौकात माझं मेडिकल. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच घुसले!

*

प्रोजेक्टर आला, पण पडदा नव्हता. सलीमभाई म्हणाले, "माझं कापडाचं दुकान असताना पडदा विकत आणणार? शरम वाटू दे!" आणि दुकानातून पांढरं शुभ्र कापड घेऊन आले. दत्तानं ते ताणून भिंतीवर ठोकलं.

पिक्चर सुरू झाला. हीरो आला, जवळून चेहरा दिसला, आणि त्याच्या कपाळावर निळा गोल शिक्का! कापड उलटं लागलं होतं, मिलचा शिक्का समोर. मग हीरो रडला तरी शिक्का, हिरॉईन लाजली तरी शिक्का. आम्ही भिडेपोटी गप्प बसलो होतो.

पहिल्या खुर्चीतून अम्मी म्हणाल्या, "सलीम, ही सगळी माणसं एकाच मिलची आहेत का रे?"

*

मग दत्ताच्या डोक्यात एचडीआर शिरलं. एकाच पिक्चरच्या दोन प्रती मिळतात म्हणे. एक साधी, तिला एसडीआर म्हणायचं. दुसरी एचडीआर, तिच्यात काळं लई काळं आणि उजेड लई उजेड. दत्तानं हे इतकं समजावलं, की चहावर साय धरली.

लावलं एचडीआर. समोर गुहा. गुहेत कोण होतं ते आजतागायत आम्हाला माहीत नाही. मी विचारलं, "दत्ता, लाईट गेली का?"

"ताई, प्रोजेक्टरचा उजेड टीव्हीएवढा नसतो, म्हणून जरा अंधारं वाटतं. पण बारकाईनं बघा. काळ्यातलं काळं दिसतंय का?"

सलीमभाई उखडले. "अरे, आयुष्यभर काळं कापड विकतोय मी! काळ्यातलं काळं तू मला शिकवतो?"

तरी दत्ता हटला नाही. खोलीतल्या पांढऱ्या वस्तूंवरून उजेड पडद्यावर परततो म्हणून चित्र फिकं पडतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं. मग खिडक्यांना काळं कापड, आणि पांढरे कपडे घालून यायला बंदी! सलीमभाई जन्माचे पांढऱ्या कुर्त्यातले. ते कुर्त्यातच आले. दत्तानं गावाकडून आणलेलं काळं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. ऐन मे महिना! इंटरव्हलला घोंगड्यातून आवाज आला, "दत्ता, पिक्चर कोणता हाय ते नंतर सांग. आधी पाणी दे."

*

आता अम्मींचं सांगते. अम्मींना काचबिंदू. डोळ्यांचे थेंब माझ्याच दुकानातून जायचे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अम्मी ते ऐकून घरी आल्या आणि म्हणाल्या, "उरलेली मी पिक्चरवर उडवणार!" आम्हाला त्यांची एकच अट होती. "माझ्यासाठी कुणी काही बदलायचं नाय. बेचारी म्हणालात, की मी उठले."

एचडीआरच्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हसण्याच्या जागी आम्ही आधी हसायचो, अम्मी मागून हसायच्या. आमचं ऐकून. त्या अंधाऱ्या चित्रात त्यांना काहीच दिसत नव्हतं हो! निघताना मी दत्ताला जिन्यात गाठून सांगितलं. तो जिन्याचा कठडा पुसत राहिला.

पुढच्या रविवारी दत्तानं घसा खाकरला. "आज साधी प्रत लावतो. एचडीआरची फाईल खराब झालीये."

खिडकीचं काळं कापड तसंच होतं, पण पडदा उजळला. हीरोचा पाय शेणात पडला, आणि अम्मी आमच्या आधी हसल्या! मी सलीमभाईंकडं बघितलं. ते घोंगड्यात तोंड खुपसून बसले होते, आणि त्या दिवशी त्यांना कुणी घोंगडं दिलं नव्हतं.

*

दत्ताला सगळं येतं, खोटं बोलता येत नाही. दर रविवारी नवं कारण. कधी वायर ढिली, कधी त्याचंच डोकं दुखतं. एकदा तर म्हणाला, "दमट हवेत एचडीआर चालत नाय." आपल्या कोरड्या गावात, मे महिन्यात, दमट हवा!

एकदा त्याच्या कंपनीतला दोस्त पिक्चरला आला. पाच मिनिटांत ओरडला, "अरे, हे एसडीआर! कँटीनमध्ये तूच एचडीआरवरून आमची डोकी खाल्ली आणि आता..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. सलीमभाईंनी घोंगडं त्याच्या डोक्यावरून पार खालपर्यंत टाकलं होतं. "पांढरा शर्ट हाय तुमचा," ते शांतपणे म्हणाले, "इथं चालत नाय."

*

थेंब न्यायला अम्मी रिक्षानं दुकानात आल्या. इकडंतिकडं बघून काउंटरवर वाकल्या. "बेटी, दत्तू माझ्यासाठी खोटं बोलतो ना?"

मी बाटलीला पिशवी शोधायला लागले.

"त्याला सांगू नको मला कळलं म्हणून," अम्मी म्हणाल्या. "किती मेहनत करतो बिचारा! मागच्या वेळी वायर ढिली म्हणाला आणि चांगली घट्ट वायर खुपसून दाखवली मला."

मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मीही पुसले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं दुकानात काही झोंबणारं औषध सांडलंय.

*

हिवाळ्यात अम्मींची नजर फारच उतरली. त्यांनी येणं थांबवलं. सलीमभाईंनी निरोप आणला, "अम्मी म्हणते, आता मला दिसत नाय, खुर्ची कशाला अडवू?"

दत्तानं खुर्ची हलवली नाही. आम्ही तिघं तिच्या मागं बसायचो. पिक्चर कसलाही असो, हसायला कुणी पहिलं नव्हतं. शेवटी दत्ता स्वतः गेला, त्यांच्या दारात बसून राहिला. "अम्मी, तुम्ही नसाल तर मी प्रोजेक्टर विकतो." हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला बरोबर बोलता आलं.

अम्मी सलीमभाईंचा हात धरून आल्या. खुर्ची चाचपून बसल्या. "एका अटीवर बसते. आज तुझं ते एचडीआर लाव. माझ्यापायी किती दिवस मन मारलंस बेटा. मला काय, मी ऐकते. तू पोटभर बघ."

दत्ता आमच्याकडं बघत राहिला. सलीमभाई छताकडं बघत होते.

"व्हय अम्मी," दत्ता म्हणाला. रिमोट घेतला, बराच वेळ बटणं दाबत बसला. मग म्हणाला, "लावलं बघा. एचडीआर."

पडद्यावर भर उन्हातलं ज्वारीचं शेत आलं. खोली लख्ख झाली. सलीमभाईंचा कुर्ता, खुर्चीचे हात, अम्मींचा चेहरा, सगळं उजळलं. मग अम्मींनी मान हळूच पडद्याकडं वळवली, डोळे बारीक केले आणि दत्ताच्या दिशेनं हात उगारला.

"खोटारड्या! एचडीआर ना हे? मग एवढा उजेड कुठून येतोय?"