दगडाखालचा फोन

माझी सासू फोन चार्जरवरून काढायचीच नाही. जेवताना, मासळी निवडताना, दुपारी डोळा लागला तरी फोन आपला ओटीवरच्या बोर्डाला लटकलेला. शंभर टक्के झाले की मी वायर काढायची, माझी पाठ फिरली की ती परत लावायची. मीठ-तिखटावरून आमचं कधी वाजलं नाही, या वायरीवरून मात्र रोज वाजायचं.

कारण मला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची बोट वाऱ्यात सापडली, त्या सकाळी हा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. दुपारी कुणीतरी तो चार्जरला लावला, तेव्हा त्यांच्या मिस्ड कॉलचा मेसेज आला. बोट सापडली, सासरे सापडले नाहीत. सासूला वाचता येत नाही, पण तो मेसेज फोनात कुठे आहे ते तिच्या बोटाला पाठ होतं. आणि आता त्याच दर्यात तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, जात होता. बोट परतीला लागून रेंज आली की त्याचा पहिला फोन आईला. माझाही फोन घरात होता, पण तो तिच्या खिजगणतीत नव्हता.

लग्नाआधी मी अलिबागला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. फोन उघडून त्याच्या पोटात काय असतं ते मी पाहिलंय. फोन आपल्या बॅटरीवर सारखा पहारा ठेवतो. आधी भराभर भरतो, भरत आली की हात आखडता घेतो. किती आत गेलं, किती खर्ची पडलं, हे एक चिप बघते. बॅटरीचा ताप बघायला बारीकसा सेन्सर असतो, आणि ताप वाढला की चार्जिंग आपोआप थांबतं. पण रात्रंदिवस शंभरावर टांगलेली बॅटरी, वर तापलेला पत्रा, तिथे हा पहारा कुठवर पुरणार? ती आतून खराब होते, तिच्यात वायू धरतो, मग फुगून पेटूही शकते. हे मी सासूला किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, "तुझ्या दुकानात माणसं फोन विकायला बसली होती, वाट बघायला न्हाय."



एप्रिलात नवरा दर्यात असताना फोनवर अक्षरं आली, तापमान जास्त असल्याने चार्जिंग थांबवले आहे. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, चार्जर बाद झाला. शेजारून दुसरा आणला, तरी तेच. मग मी चुलीपाशी होते तेवढ्यात तिने फोन पिशवीत गुंडाळला, मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेवला आणि झाकणाच्या फटीतून वायर आत सोडली. मासळीच्या घरात तापलेल्या वस्तूला दुसरं औषधच नसतं. सेन्सरला गार लागलं, अक्षरं गेली, चार्जिंग सुरू झालं.

"बघ, आला ना ताळ्यावर," ती म्हणाली.

फोनने धोक्याचं एकदाच सांगितलं होतं आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं. गारठलेली बॅटरी भरली तर ती आणखी वेगळीच बिघडते, हेही मी सांगितलं. ती बर्फ बदलत राहिली.

पुढे फोनची पाठ फुगली. कडेची फट इतकी वाढली की नख आत जाईल. मी म्हटलं, आई, हा आत्ता बंद करून बाहेर वाळूत ठेवूया, सिम माझ्या फोनात घालते. तिने फोन छातीशी धरला. "त्यात त्यांचा मेसेज हाय," ती म्हणाली. "पोरगा येऊ दे, मग कर काय करायचा ते." मला तिचा राग आला आणि कीवही आली, पण सगळ्यात जास्त भीती वाटली. ओटीवर नायलॉनची जाळी पडली होती, वर सुक्या बोंबलाची पोती. मी पोती आत नेली, जाळी मागच्या दारी टाकली. फोन काही तिच्या हातून सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावरून आले तर फोन दिसेना. बोर्डातून वायर निघून जमिनीवर ठेवलेल्या खारवणाच्या दगडाखाली गेली होती. मासळी मीठ लावून पिंपात भरतात, वर फळी आणि फळीवर हा दगड ठेवतात, म्हणजे पाणी सुटून मासळी चपटी बसते. सासू शेजारीच बसली होती. म्हणाली, "फुगलाय ना, दाबला की बसंल."

मी हंडा टाकून बटण बंद केलं. पण बॅटरी फाटून नेलपॉलिशसारखा गोडसर वास सुटला होता. आणि त्याच वेळी दगडाखाली फोन वाजायला लागला.

सासू झेपावली. मी तिला कमरेत मिठी घातली. "सोड मना," ती ओरडली, "त्याचा फोन हाय." या वयात तिच्यात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मला ओढत ती दगडापर्यंत गेली, दगड लोटला आणि फोनवर हात घातला. सूं आवाज झाला, पांढरा धूर, मग जाळ. मी तिला मागे खेचलं आणि अंगणातली वाळू घमेल्याने ओतत राहिले. जाळ दबला तेव्हा तिचा उजवा तळवा सोललेला होता. तिने तो पाहिलाच नाही. ती वाळूकडे बघत होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवराच. "आईचा फोन का लागत नाही? पापलेट बरं लागलंय, घरी किती ठेवू विचार तिला."

मी स्पीकर लावला. बादलीत हात बुडवून बसलेली सासू म्हणाली, "दोन ठेव." मग तिला रडू फुटलं.

नवऱ्याने त्याच नंबरचा नवीन फोन आणला. त्यात सासऱ्यांचा मेसेज नव्हता. तिने हाताला पट्टी असतानाच तो बोर्डाला लावला. संध्याकाळी तांदूळ निवडताना ती हळूच म्हणाली, "तो वाजत होता नि तू मना धरलंस. पुढल्या खेपेला धरू नको."

"धरणार," मी म्हणाले.

पट्टी नसलेला हात तिने फोनच्या पाठीवर ठेवला, पोराचा ताप बघतात तसा.

"तापलाय गो," ती म्हणाली. "बर्फ हाय का?"